गाठ विरते, मग पुन्हा का वाढते?

नळदुर्गच्या शिवारात हरभरा आणि तूर करणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. घाटेअळीवर नवं औषध बाजारात येतं. पहिल्या हंगामात फवारलं की अळ्या पटापट गळून पडतात. काही वर्षांनी तेच औषध, तेच प्रमाण, तोच पंप, आणि अळी घाट्यात डोकं खुपसून निवांत खात असते. 2017 साली विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसावर गुलाबी बोंडअळीनं हेच केलं. बीटी कपाशीच्या झाडातच असलेलं विष पचवून ती बोंडात शिरली. ‘अळी औषधाला सरावली’ असं आपण म्हणतो, पण कुठलीही एक अळी सरावत नसते. लाखो अळ्यांमध्ये चार-दोन अशा निपजतात की त्यांच्यावर ते विष चालतच नाही. बाकीच्या मरतात, रान मोकळं होतं आणि उरलेल्यांची प्रजा त्या मोकळ्या रानात वाढते. फवारणी अळीला काही शिकवत नाही, ती फक्त निवड करते.

कॅन्सरच्या गाठीत घडतं ते याच जातीचं आहे. हे नुसतं वरवरचं साम्य नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात मॉफिट कॅन्सर सेंटर आहे. तिथल्या रॉबर्ट गेटनबी यांनी कीडनियंत्रणाच्या शास्त्रातून उपचाराची एक पद्धतच उचलली. तिच्याकडे पुढे येऊ.

नळदुर्गचा पेशंट कॅन्सरसाठी सोलापूरला जातो, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जातो, नाहीतर बाडबिस्तरा घेऊन मुंबईला, परळच्या टाटात. दोन-तीन केमो होतात, केस जातात, तोंड येतं, पण गाठ निम्मी होते. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग सहा-आठ महिन्यांनी गाठ पुन्हा हाताला लागते, आणि या वेळी त्याच औषधाची मात्रा तिच्यावर चालत नाही. घरचे कारणं शोधू लागतात. औषध बनावट होतं का, पथ्य मोडलं का, डॉक्टरचं चुकलं का? सगळ्यात जुनं कारण तर कायम तयारच असतं : सुई लावली म्हणून पसरला. या शेवटच्या समजुतीनं आपल्या भागात जितकं नुकसान केलंय तितकं क्वचितच दुसऱ्या कशानं केलं असेल. तपासणीचा तुकडा काढल्यानं गाठ औषधाला दाद देईनाशी होते, याला काडीचाही आधार नाही.

खरं कारण गाठीतल्या डोक्यांच्या संख्येत आहे. एक सेंटिमीटरची गाठ म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी. तिच्यात दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असतात. दर वेळी पेशी दुभंगते तेव्हा तिच्या डीएनएची तीन अब्जांहून जास्त अक्षरं नव्यानं लिहिली जातात. निरोगी पेशी आपल्या चुका बऱ्याच अंशी दुरुस्त करते. कॅन्सरच्या पेशीत ही दुरुस्तीच अनेकदा बिघडलेली असते. म्हणजे ज्या दिवशी गाठ पहिल्यांदा हाताला लागते, त्या दिवशी तिच्यातल्या सगळ्या पेशी एकसारख्या उरलेल्याच नसतात. एखाद्या औषधाला पुरून उरणारी चूक दहा लाखांत एका पेशीत होते असं धरलं, तरी दहा कोटींत अशा शंभर पेशी झाल्या. पहिला डोस शिरेत जाण्याआधीच त्या तिथे असतात.

‘आधीच असतात’ हे नुसतं म्हणून भागत नाही, ते सिद्ध करावं लागतं. 1943 साली साल्व्हादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी जिवाणूंवर एक साधा, सुंदर प्रयोग केला. त्यांनी अनेक नळ्यांमध्ये एकाच जातीचे जिवाणू वेगवेगळे वाढवले आणि मग प्रत्येक नळीतले जिवाणू त्यांना मारणाऱ्या विषाणूच्या थरावर पसरले. विषाणूशी गाठ पडल्यावर जिवाणू प्रतिकार ‘शिकत’ असते, तर सगळ्या थाळ्यांत वाचलेल्यांची संख्या थोडीफार सारखीच आली असती. प्रत्यक्षात काही थाळ्या कोऱ्या राहिल्या आणि एखाद्या थाळीत भरमसाट ठिपके उगवले. ज्या नळीत योग्य ती चूक लवकर झाली होती तिथे तिची पोरंबाळं भरपूर झाली होती, जिथे झालीच नव्हती तिथे कोणी वाचलं नाही. विषाणू येण्याआधीच सगळं ठरलेलं होतं. या कामाचा पुढे 1969 च्या नोबेल पारितोषिकात वाटा होता. कॅन्सरच्या गाठीलाही हाच नियम लागू पडतो, ही मांडणी पीटर नॉवेल यांनी 1976 साली स्पष्ट शब्दांत केली.

डॉक्टरांना मात्र हा धडा त्याआधीच रुग्णांनी दिला होता. 1948 साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या सोळा मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिलं. ते त्यांना मिळालं होतं येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेकडून. आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या या माणसाचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसं भेटत नाही, हे काही बरं नाही. सोळांपैकी दहा मुलं सुधारली. अंथरुणाला खिळलेली पोरं खेळायला लागली. ही सुधारणा काही महिनेच टिकली. आजार उलटला आणि त्या वेळी औषध निकामी ठरलं. माणसाच्या कॅन्सरवर औषध लागू पडल्याच्या अगदी सुरुवातीच्या दाखल्यांत औषध न लागण्याचाही दाखला असा जोडीनंच आहे.

उत्तर सापडलं ते टीबीच्या वॉर्डातून. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनवर टीबीचा जंतू मात करतो आणि दोन-तीन औषधं एकदम दिली की त्याची पंचाईत होते, हे 1940 च्या दशकाच्या अखेरीस कळलं होतं. हिशेब सोपा आहे. एका औषधातून वाचणारी पेशी दहा लाखांत एक असेल, तर दोन वेगळ्या वाटांनी मारणाऱ्या औषधांतून एकाच वेळी वाचणारी पेशी दहा लाखांच्या दहा लाख पटीत एक. 1960 च्या दशकात फ्राय आणि फ्राइराइक यांनी अमेरिकेत मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर चार औषधांचा एकत्र मारा केला. आज चांगल्या केंद्रांत या आजाराची बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. त्या चौकडीतलं एक औषध व्हिनक्रिस्टिन. ते आपल्या अंगणातल्या सदाफुलीत असतं.

सदाफुलीचं नाव निघालं, म्हणून एका पंपाबद्दल सांगायला हवं. 1976 साली टोरांटोत जुलियानो आणि व्हिक्टर लिंग हे हॅमस्टर उंदराच्या पेशींवर कोल्चिसीन या विषाचा प्रयोग करत होते. हेच विष आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही असतं. ज्या पेशी या विषाला दाद देत नव्हत्या त्यांच्या आवरणात एक प्रथिन भरमसाट आढळलं. त्याला पी-ग्लायकोप्रोटीन म्हणतात. हे प्रथिन आवरणात आरपार बसतं, पेशीची ऊर्जा खर्चून आत आलेलं औषध पकडतं आणि बाहेर फेकतं. गंमत अशी की ते एकाच औषधाला ओळखत नाही. कोल्चिसीनसाठी निवडलेली पेशी व्हिनक्रिस्टिनही बाहेर टाकते, डॉक्सोरुबिसिनही टाकते. जे औषध पेशंटनं कधी घेतलेलं नाही तेही निकामी होतं. हा पंप कॅन्सरनं शोधलेला नाही. आपल्या आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत तो मुळातच आहे, अन्नातली विषं बाहेर काढायला. कॅन्सरची पेशी फक्त तो जास्त संख्येनं बसवते. पंप बंद पाडायचे प्रयत्न पुष्कळ झाले. व्हेरापॅमिल हे रक्तदाबाचं औषध थाळीत पंप अडवतं, असं 1981 साली दिसलं. माणसात मात्र तेवढा डोस हृदयाला झेपत नाही, आणि पुढची औषधंही निराशाच करून गेली. पंप निरोगी अवयवांतही आहे, तो बंद केला की केमोचं विष तिथेही साचतं.

यापुढचा प्रकार अधिक नाजूक आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये नऊ आणि बावीस नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन चिकटतात आणि एक सतत ‘चालू’ राहणारं प्रथिन तयार होतं. इमॅटिनिब ही गोळी त्याच्या खोबणीत बसून ते बंद पाडते. अमेरिकेत तिला 2001 च्या मे महिन्यात मान्यता मिळाली. जो आजार काही वर्षांत माणूस नेत असे तो रोजच्या गोळीवर आटोक्यात राहू लागला. भारतात या गोळीची कहाणी कोर्टातही गाजली. मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या पुढे जात होती आणि देशी कंपन्यांची साधारण आठ-दहा हजारांत मिळत होती. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं पेटंटची मागणी फेटाळली आणि स्वस्त गोळीचा मार्ग मोकळा राहिला. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत भारतातल्या कॅन्सरच्या पेशंटवर सर्वांत मोठा परिणाम करणाऱ्या निकालांत हा वरच्या नंबरावर बसतो.

मान्यता मिळाली त्याच वर्षी गोळीला दाद न देणारे पेशंटही समोर आले. त्यांच्या पेशींत पाहिलं तर प्रथिनाच्या 315 व्या जागेवर थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन बसलेलं. डीएनएच्या ए-सी-टी या तीन अक्षरांतल्या मधल्या ‘सी’च्या जागी ‘टी’ पडला, एवढाच फरक. नवं अमिनो आम्ल जरा फुगीर. त्यामुळे खोबणीचं तोंड अडतं आणि गोळी ज्या धाग्यानं तिथे टेकून राहत होती तो धागाही तुटतो. पेशीचं काम सुखेनैव चालू राहतं. पुढे आलेल्या डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब या गोळ्या इतर बऱ्याच बदलांवर चालल्या, पण 315 पुढे त्याही हरल्या. 2012 साली पोनॅटिनिब आलं तेव्हा या जागेवर उतारा मिळाला.

इथे पेशंटच्या हातात असलेली एक गोष्ट आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात इमॅटिनिब घेणाऱ्या 87 जणांच्या बाटल्यांना मोजणारी झाकणं बसवून गोळ्या खरोखर किती घेतल्या जातात ते पाहिलं गेलं. निष्कर्ष 2010 साली आले. दहात नऊहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत आजार खोलवर दबण्याची शक्यता 94.5 टक्के होती, त्याहून कमी घेणाऱ्यांत 28.4 टक्के. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून, यात्रा आहे म्हणून, गोळ्या संपल्या आणि सोलापूरला जाणं झालं नाही म्हणून पडलेले खाडे किती महाग पडतात, ते यावरून कळावं.

फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर या प्रथिनावर गेफिटिनिब चालतं. तिथेही साधारण निम्म्या-अधिक पेशंटमध्ये प्रतिकाराचं कारण एकच निघतं. 790 व्या जागी पुन्हा थ्रिओनिन जाऊन दुसरं अमिनो आम्ल येतं, आणि जागाही खोबणीच्या तोंडाचीच. त्यावर ऑसिमर्टिनिब आलं, तर 797 वी जागा बदलली. हा पाठशिवणीचा खेळ किती दिवस खेळायचा? टाटा मेमोरिअलमध्ये वनिता नरोन्हा, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. 350 पेशंटपैकी निम्म्यांना नुसतं गेफिटिनिब, निम्म्यांना त्याच्या जोडीला पहिल्या दिवसापासून केमो. आजार पुन्हा वाढायला पहिल्या गटात सरासरी आठ महिने लागले, दुसऱ्या गटात सोळा. त्याची किंमतही पडली. गंभीर दुष्परिणाम 25 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर गेले. हा निकाल जगभर वाचला गेला. टीबीच्या वॉर्डातलं जुनं शहाणपणच इथे नव्यानं कामाला आलं.

मात्र सगळाच प्रतिकार डीएनएच्या चुकांतून येत नाही. 2010 साली हार्वर्डच्या एका गटानं फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींवर मारक प्रमाणाच्या शंभरपट औषध ओतलं. हजारातल्या सुमारे तीन पेशी तरीही जिवंत राहिल्या. त्या वाढत नव्हत्या, मेल्याही नव्हत्या, नुसत्या दबा धरून बसल्या होत्या. औषध काढून घेतलं तेव्हा त्या पुन्हा वाढू लागल्या, आणि त्यांची पुढची पिढी औषधाला पुन्हा पहिल्यासारखीच बळी पडू लागली. म्हणजे त्यांच्यात कायमचा बदल झालाच नव्हता. डीएनए कसा गुंडाळून ठेवायचा, कुठली पानं उघडी ठेवायची, एवढंच त्यांनी बदललं होतं. बरा झालेला पेशंट पाच-सात वर्षांनी पुन्हा त्याच आजारानं येतो, त्यामागे अशा झोपी गेलेल्या पेशी असाव्यात असा अनेकांचा कयास आहे.

मराठवाड्यात तंबाखू, गुटखा, मिश्री यांची देणगी म्हणजे तोंडाचा कॅन्सर. पुढे गेलेल्या अवस्थेत त्यावर सिस्प्लॅटिन देतात. प्रतिकार करणारी पेशी ते आत घेणंच कमी करते, आत आलेलं ग्लुटाथायोननं बांधून टाकते, किंवा बिघडलेला डीएनए झटपट सांधते. टाटातच विजय पाटील, प्रभाष आणि सहकाऱ्यांनी याला स्वस्तातला पर्याय तपासला. मेथोट्रेक्सेटच्या थोड्या गोळ्या आठवड्यातून एकदा आणि सेलेकॉक्सिब रोज. 422 पेशंटच्या या चाचणीचे निष्कर्ष 2020 साली आले. सिस्प्लॅटिनवर सरासरी आयुष्य 6.1 महिने, गोळ्यांवर 7.5 महिने. जेमतेम दीड महिन्याचा फरक ऐकून कुणी नाक मुरडेल. पण पेशंट सलाइनविना घरी राहतो, गंभीर त्रास कमी होतो आणि खर्च ग्रामीण कुटुंबाच्या आवाक्यात येतो. अशा लहान, सततच्या मात्रेमागचा एक विचार मला फार आवडतो. ती कॅन्सरच्या पेशीसोबत तिला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांवरही घाव घालते. रक्तवाहिनीची पेशी निरोगी असते, तिचा डीएनए शाबूत असतो, त्यामुळे ती सहजासहजी बदलून निसटत नाही. पुढे याच गटानं अशाच गोळ्यांच्या मिश्रणाला निव्होलुमॅब या औषधाची अवघी 20 मिलिग्रॅम मात्रा जोडली. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर गेलं.

आता गेटनबी. बोंडअळीसाठी बीटीच्या कडेनं साध्या कपाशीच्या ओळी लावायला सांगतात, त्या कशासाठी? साध्या अळ्या जिवंत राहाव्यात आणि विष पचवणाऱ्यांना रान मोकळं मिळू नये. गेटनबींनी प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटमध्ये हेच केलं. पीएसए, म्हणजे रक्तातली या आजाराची खूण, निम्म्यावर आला की औषध थांबवायचं, मूळ पातळीवर चढला की पुन्हा सुरू करायचं. औषधाला बळी पडणाऱ्या पेशी थोड्या शिल्लक राहतात आणि निगरगट्ट पेशींची जागा अडवून धरतात. 2017 साली पहिल्या अकरा पेशंटचे निष्कर्ष आले. आजार वाढायला सरासरी किमान 27 महिने लागले, नेहमीच्या पद्धतीत साधारण साडेसोळा. आणि औषध निम्म्याहून कमी लागलं. अकरा ही संख्या फार छोटी आहे. हे वाचून कुणी आपल्या मनानं गोळी थांबवली तर ते आत्मघाताचं होईल. तिथे दर महिन्याला रक्त तपासून, गणित मांडून थांबवत होते.

नव्यात नवी शस्त्रंही या नियमातून सुटलेली नाहीत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार19 या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये देशात मान्यता मिळाली. पेशंटच्याच रक्तातल्या पेशी काढून त्यांना सीडी19 ही खूण ओळखायला शिकवतात आणि परत सोडतात. या पद्धतीच्या उपचारांत जगभर दिसलंय, की काही पेशंटमध्ये कॅन्सरची पेशी ती खूणच उतरवून ठेवते.

हे सगळं वाचून हात टेकावेसे वाटतील. पण हिशेबाची दुसरी बाजू नळदुर्गच्या धाराशिव जिल्ह्यातच तपासली गेली आहे. प्रतिकाराला दोनच गोष्टी लागतात, पेशींची गर्दी आणि वेळ. गाठ लहान असताना कापून किंवा जाळून काढली तर निवड व्हायला कोणी शिल्लकच राहत नाही.

बार्शीत 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिच्यात बार्शीसोबत परंडा आणि भूम हे या जिल्ह्यातले तालुकेही आले. ग्रामीण पेशंट आपण होऊन दवाखान्याच्या कागदावर येत नाही, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, चावडीवर बसले, बायकांशी बोलले. अंगावरून अवेळी जाणं, पांढरं जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं ही ‘बायकांची नेहमीची’ दुखणी नाहीत, एवढंच ते सांगत. नुसत्या त्या बोलण्यानं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या.

त्या पायावर मोठी चाचणी झाली. टाटा मेमोरिअल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे 52 समूह पाडून ते चार गटांत वाटले. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका त्यात आल्या. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी, चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2009 साली निष्कर्ष आले. चौथ्या गटात या कॅन्सरनं 64 बायका गेल्या, एचपीव्ही तपासणीच्या गटात 34. दुसऱ्या किंवा पुढच्या अवस्थेतले कॅन्सर तिथे 82, इथे 39. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे वाद झाला, आणि माझ्या मते तो रास्त होता. उपाय ठाऊक असताना हजारो बायकांना थांबवून ठेवणं पटण्याजोगं नाही. तरीही त्या बायकांच्या आकड्यांवर जगभरच्या देशांनी आपली धोरणं आखली. नळदुर्गच्याच जिल्ह्यातल्या या बायकांचा हा वाटा त्यांच्या घरांतही क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

इमॅटिनिबपासून नेक्सकार19 पर्यंतच्या कुठल्याही औषधाला एवढ्या स्वस्तात एवढं करता आलेलं नाही. म्हणून वाचकाला सांगणं एवढंच : तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत भरला नाही, स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं, तर महिनाभर वाट पाहू नका. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. घरातल्या बाईला तिथे घेऊन जा, आणि तंबाखू खात असाल तर स्वतःचं तोंडही दाखवून या.